जरा सरकून घ्या

दुसऱ्या सर्जनच्या ऑपरेशन थिएटरमधून येणारा फोन नेहमी थोडा अडखळत सुरू होतो. "मॅडम, हातातलं काम आटोपलं का? नाही, तशी घाई नाहीये, पण जरा येऊन बघता का?" घाई नाही म्हणणाऱ्याचा आवाज मात्र वर चढलेला असतो. पोट उघडं आहे, गर्भाशय निघालंय आणि जिथे कोरडं असायला हवं तिथे स्वच्छ पाणी झिरपतंय. ते पाणी कसलं हे फोन करणाऱ्याला कळलेलं असतं. फक्त ते दुसऱ्या कुणीतरी मोठ्याने म्हणावं असं त्याला वाटत असतं.

मी मूत्ररोगाची सर्जन आहे. अशा फोनवर माझे प्रश्न ठरलेले: किडनीतून मूत्राशयात लघवी नेणारी मूत्रवाहिनी नेमक्या कुठल्या जागी तुटलीय, कशाने गेलीय, किती लांबीची गेलीय आणि पेशंटचं रक्तदाब-नाडी कसं आहे. कुणाच्या हातून गेली हे मी विचारत नाही. त्यात माझा चांगुलपणा काही नाही. त्या उत्तरावरून टाका कुठे घ्यायचा ते ठरत नाही, एवढंच.

नळी तशी साधीच. 25 ते 30 सेंटिमीटर लांब, 3-4 मिलिमीटर जाड. किडनीतून निघते, पाठीच्या कण्याशेजारच्या सोआस नावाच्या स्नायूवरून खाली उतरते, ओटीपोटात शिरताना पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते आणि मूत्राशयाच्या भिंतीत तिरकी घुसते. लघवी तिच्यातून नुसती उताराने वाहत नाही. किडनीच्या आतून आकुंचनाची एक लाट उठते आणि थोडीशी लघवी पुढे ढकलत खाली नेते, पुन्हा थोड्या वेळाने दुसरी लाट. म्हणून माणूस दिवसभर आडवा पडून असला तरी लघवी मूत्राशयातच पोचते. ऑपरेशन करताना चिमट्याने हलकेच डिवचलं की मूत्रवाहिनी वळवळते. रक्तवाहिनी अशी वळवळत नाही, पोटातला दुसरा कुठला पांढुरका दोर वळवळत नाही. शिकाऊ डॉक्टरांना आम्ही ही खूण पहिल्यांदा दाखवतो. ज्याने एकदा ती वळवळ पाहिली तो पुढे कात्री चालवण्याआधी क्षणभर थांबतो, असा माझा अनुभव आहे.

तरी इजा होतात, कारण तिची जागाच तशी आहे. गर्भाशयाच्या मुखापासून जेमतेम 2 सेंटिमीटरवर गर्भाशयाची धमनी तिच्यावरून आडवी जाते. वर धमनी, खाली मूत्रवाहिनी. 'पुलाखालचं पाणी' म्हणून वैद्यकाचा प्रत्येक विद्यार्थी हे पाठ करतो. गर्भाशय काढताना रक्त उसळतं ते नेमकं या पुलावर. तेव्हा खड्डा रक्ताने भरलेला असतो, भूलतज्ज्ञ पडद्यावरून डोकावत असतो आणि हाताला जे लागेल ते क्लॅम्पमध्ये धरलं जातं. गाठी मोठ्या असतील, एंडोमेट्रिओसिसने (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याच्या आजाराने) सगळं एकमेकांना चिकटलं असेल, आधी कधी सीझर झालं असेल किंवा रेडिएशन दिलं असेल, तर नळी पुस्तकातल्या जागी नसतेच.

सगळं खापर स्त्रीरोगतज्ज्ञांवर फोडायची आमच्या लोकांना सवय आहे. मला ती आवडत नाही. मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनमध्ये ही इजा होते, महाधमनीच्या ऑपरेशनमध्ये होते आणि आमच्या स्वतःच्या दुर्बिणीनेही होते. मुतखडा दुर्बिणीतून घातलेल्या बारीक तारेच्या बास्केटमध्ये पकडलाय, तो नळीपेक्षा मोठा आहे आणि ओढणारा हात हट्टी आहे, अशा वेळी नळीचा अख्खा तुकडा सोलल्यासारखा बाहेर येऊ शकतो. त्याबद्दल आमच्या परिषदांमध्ये चहाच्या वेळी बोलतात, व्यासपीठावर कमी. बंदुकीची गोळी, भोसकणं, अपघात हेही आहेत, पण मूत्रवाहिनी इतकी आत आणि इतकी हलती असते की बाहेरच्या आघाताने ती क्वचितच जाते. तिला खरा धोका बरं करायला आलेल्या हातांचाच.

कापलेली नळी निदान दिसते. टाक्यात आवळलेली दिसत नाही. क्लॅम्पमध्ये चिरडलेली, वाकवून टाका घेतल्याने मुरडलेली, यांचंही तसंच. सगळ्यात फसवी ती भाजलेली. रक्तस्राव थांबवायला वापरतात त्या विजेच्या उपकरणाची धग शेजारी पोचते, त्या दिवशी नळी चांगली गुलाबी दिसते, आणि आठ-दहा दिवसांनी भाजलेला भाग मरून गळून पडतो. ऑपरेशन संपताना मूत्राशयात दुर्बीण घालून दोन्ही मूत्रवाहिन्यांच्या तोंडांतून लघवीची चिळकांडी उडते का ते बघण्याची चांगली पद्धत आहे, पण अशी भाजलेली नळी त्या दिवशी व्यवस्थित चिळकांडी उडवून दाखवते. कुणी म्हणतात, आधीच दोन्ही मूत्रवाहिन्यांत स्टेंट, म्हणजे बारीक पोकळ नळी, घालून ठेवावा. त्याने इजा टळते असं काही सिद्ध झालेलं नाही. झाली तर लवकर लक्षात येते, हा त्याचा खरा उपयोग.

लक्षात येणं हाच सगळा खेळ आहे. त्याच टेबलावर कळलं तर बहुतेक वेळा तासा-दीड तासाचं काम असतं आणि पेशंटला जाग येते तेव्हा गोष्ट निस्तरलेली असते. पण बऱ्याच इजा त्या दिवशी कळत नाहीत. मग सुरू होतात ते विचित्र दिवस. कंबरेत एका बाजूला दुखतं, ताप चढ-उतार करतो, पोट फुगतं, वात सरत नाही. ऑपरेशननंतर थोडंफार असायचंच, असं सगळे म्हणतात. आणि कधी ती बाई नर्सला हळूच सांगते की मी लघवीला जातेय, नेहमीसारखी जातेय, तरी कपडे ओले होताहेत.

या वाक्याशी मी नेहमी अडते. मूत्राशयाला मोठं भोक पडलं असतं तर बहुतेक सगळी लघवी तिथूनच गळाली असती. इथे एक किडनी बरोबर मूत्राशयात लघवी पाठवतेय, दुसरीची वाट तुटलीय आणि ती योनिमार्गातून बाहेर येतेय. म्हणून लघवीही होते आणि ओलंही राहतं. निदान तिने स्वतःच, नेमक्या शब्दांत सांगितलेलं असतं. तपासण्या पुढे त्याला पुस्ती जोडतात: मूत्राशयात निळं औषध भरलं तरी योनिमार्गात ठेवलेली गॉज निळी होत नाही, नुसती ओली होते, पोटातून बाहेर काढलेल्या ड्रेनच्या नळीतल्या द्रवाचं क्रिएटिनिन (किडनी रक्तातून लघवीत टाकते तो टाकाऊ पदार्थ) रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त निघतं, सीटी स्कॅनच्या उशिराच्या चित्रांत औषध वाटेतच बाहेर सांडलेलं दिसतं. हे सगळं हवंच. पण तिचं वाक्य पहिल्या दिवशी कुणी नीट ऐकलं असतं तर पुढचा आठवडा वाचला असता, असं मला फार वेळा वाटलंय. ती लाजेने अर्धंच बोलते, आणि अर्ध्यावर तिला 'होतं असं, बसेल ते' हे उत्तर मिळतं.

दीडशे वर्षांपूर्वी अशा बाईला काय मिळालं असतं? 1869 साली हायडेलबर्गला गुस्ताव्ह सिमोन नावाच्या सर्जनपुढे अशीच एक स्त्री आली होती. अंडाशयाच्या गाठीचं ऑपरेशन झालेलं, त्यात मूत्रवाहिनी तुटलेली, लघवी नको तिथून सतत वाहतेय. तुटलेली वाट सांधायचे उपाय थकल्यावर सिमोनने किडनीच काढून टाकायचं ठरवलं. एका किडनीवर माणूस जगतो की नाही हे तोवर कुणाला नक्की माहीत नव्हतं. त्याने आधी कुत्र्यांवर प्रयोग केले, खात्री करून घेतली आणि मग ऑपरेशन केलं. ती वाचली. ठरवून केलेली किडनी काढण्याची ती पहिली शस्त्रक्रिया म्हणून आज शिकवतात. मला त्यात धाडस दिसतं, आणि हतबलताही. एक धडधाकट किडनी केवळ तिच्या नळीपायी गेली. त्यानंतर या विषयात जे काही घडलं ते सगळं ती किडनी वाचवण्यासाठी.

आता मुख्य अडचण. मूत्रवाहिनी ताणली जात नाही. म्हणजे ताणता येते, आणि तिथेच माणूस फसतो. दोन टोकं ओढून जवळ आणली, टाके घेतले, टेबलावर सुरेख दिसलं. पण ताणाखाली तिच्या अंगावरच्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, टोक उपाशी मरतं, आणि महिन्या-दोन महिन्यांत तिथे अरुंद, टणक गाठ तयार होते. या नळीला रक्त पुरवणारी स्वतंत्र मोठी वाहिनी नाही. वरच्या भागाला रक्त आतल्या बाजूने मिळतं, ओटीपोटातल्या भागाला बाहेरच्या बाजूने, आणि हे सगळे फाटे तिच्यावरच्या पातळ आवरणात एकमेकांना मिळून उभी जाळी करतात. ते आवरण खरवडलं की नळी दिसायला स्वच्छ होते आणि मरते. तेव्हा आम्ही ती सोडवताना आजूबाजूची चरबी तिच्या अंगावर तशीच ठेवतो, आणि टोक छाटतो ते रक्त दिसेपर्यंत. एरवी सर्जनचा निम्मा वेळ रक्त थांबवण्यात जातो. इथे मी टोकाकडे बघत थांबते, रक्त येईना तर आणखी अर्धा सेंटिमीटर कापते. प्रत्येक अर्ध्या सेंटिमीटरने अंतर वाढत असतं, तरीही.

म्हणजे नळी लांब करता येत नाही, उलट ती आणखी आखूड होत जाते. मग उरतो एकच मार्ग: बाकीच्यांनी जागेवरून हलायचं. गच्च भरलेल्या बाकावर एकाला बसवायचं असतं तेव्हा त्याला कुणी बारीक करत नाही, बसलेल्यांना 'जरा सरकून घ्या' म्हणतात. मूत्रवाहिनीची पुनर्रचना म्हणजे हे 'सरकून घ्या' कुणाकुणाला आणि किती म्हणायचं, याचा हिशेब.

मध्यावर किंवा वरच्या भागात 2-3 सेंटिमीटरपर्यंत गेलं असेल तर कुणालाच त्रास द्यावा लागत नाही. दोन्ही टोकं विरुद्ध बाजूंनी उभी चिरून रुंद करायची, म्हणजे सांधा गोल न राहता तिरका आणि मोठा होतो, आणि बारीक, विरघळणाऱ्या धाग्याने शिवायचं. न विरघळणारा धागा लघवीत राहिला तर त्यावर खडा धरतो.

पण गर्भाशयाच्या ऑपरेशनमधली इजा बहुधा खाली, मूत्राशयाजवळ असते. तिथे खालचं टोक शोधत बसण्यात अर्थ नसतो, त्याचा रक्तपुरवठा आधीच गेलेला असतो. ते सोडून द्यायचं आणि वरचं टोक मूत्राशयात नव्या जागी बसवायचं. पोचत नसेल तर मूत्राशयाला सरकायला सांगायचं. मूत्राशय हा स्वभावाने फार सोसणारा अवयव आहे. पुढून आडवा उघडायचा, एक-दोन बोटं आत घालून वरच्या कोपऱ्याकडे उचलायचा, विरुद्ध बाजूचे धरून ठेवणारे बंध सोडायचे, आणि तो कोपरा त्या सोआस स्नायूला टाक्यांनी बांधायचा. आडवी चीर उभी शिवली की आणखी उंची मिळते. 6 ते 10 सेंटिमीटरची तूट अशी भरून निघते. लंडनच्या टर्नर-वॉरविकने 1969 साली ही पद्धत रूढ केली, आणि आजही खालच्या तिसऱ्या भागातल्या इजांसाठी माझा पहिला विचार हाच असतो. एक जपावं लागतं: त्या स्नायूच्या अंगावरून मांडीकडे जाणारी एक नस उतरते. टाके स्नायूच्या धाग्यांच्या दिशेने घ्यायचे आणि नस डोळ्यांनी बघून घ्यायची. ती टाक्यात अडकली तर लघवीची वाट सुरेख होते आणि बाई मांडी धरून बसते.

त्याहून वर गेलं असेल तर मूत्राशयाच्या भिंतीचा एक पट्टा कापतात, पाया रुंद ठेवून, म्हणजे रक्त टोकापर्यंत पोचतं. तो पट्टा वर वळवून त्याचीच नळी शिवतात. इटलीच्या अकिले बोआरीने 1894 साली हे कुत्र्यावर करून दाखवलं. माणसात रुळायला पुढची अनेक दशकं गेली. 12 ते 15 सेंटिमीटर अंतर यात पार होतं. पट्ट्याची लांबी रुंदीच्या तिपटीपुढे नेऊ नये असा नियम आहे आणि तो पाळावा. हे ऑपरेशन करताना मला दर वेळी मनातून आनंद होतो, ते खोटं कशाला सांगू. सपाट भिंतीतून नळी उभी राहताना बघणं हा या धंद्यातला एक शुद्ध आनंद आहे. अर्थात मूत्राशय मुळात मोठा आणि मऊ हवा. रेडिएशनने आखडलेल्या मूत्राशयाकडे मागायला गेलं तर तो देऊ शकत नाही.

कधी वरून किडनीलाही सरकवतात. आजूबाजूच्या चरबीतून मोकळी केली की तिच्या रक्तवाहिन्या परवानगी देतील तितकी ती काही सेंटिमीटर खाली येते.

एका बाजूची नळी आडवी नेऊन दुसऱ्या बाजूच्या नळीला जोडण्याचीही पद्धत आहे, 1934 पासूनची. मी ती शक्यतो टाळते. बिघडलेल्या किडनीसाठी चांगल्या किडनीची वाट पणाला लावायची, हे माझ्या मनाला पटत नाही. ज्याला खडे होतात त्याच्यात तर ते करूच नये.

अख्खी नळीच गेली असेल तर लहान आतड्याचा तुकडा येतो. विलर्ड गुडविनने 1950च्या दशकाअखेर हे नावारूपाला आणलं. आतड्याची स्वतःची ढकलण्याची दिशा असते, ती लघवीच्या दिशेशी जुळवून बसवावी लागते. आणि आतडं आपला मूळ धर्म सोडत नाही. ते श्लेष्मा सोडत राहतं, समोरून जाणारं शोषत राहतं, त्यामुळे रक्तात आम्ल साठू शकतं. किडनीचं काम आधीच मंदावलेलं असेल तर हा मार्ग बंद. शेवटचा उपाय म्हणजे किडनी पूर्ण सुटी करून त्याच माणसाच्या ओटीपोटात खाली लावणं. स्वतःचीच किडनी, म्हणून ती नाकारली जाण्याची भीती नाही. हे पहिल्यांदा यशस्वी केलं मिसिसिपीच्या जेम्स हार्डीने, 1963 साली, महाधमनीच्या ऑपरेशनमध्ये तुटलेल्या मूत्रवाहिनीसाठी. त्याच वर्षी त्याने माणसातलं पहिलं फुप्फुसाचं प्रत्यारोपणही केलं, आणि नाव त्याचंच झालं. किडनी सरकवल्याची गोष्ट मागे पडली.

अलीकडे गालाच्या आतली त्वचाही कामाला येते. नळी पूर्ण तुटलेली नसून लांबवर अरुंद झाली असेल तर ती उभी चिरतात, त्या चिरेवर गालातून घेतलेली पट्टी ठिगळासारखी लावतात आणि वरून पोटातल्या चरबीचा पदर गुंडाळतात, त्यातून पट्टीला रक्त मिळतं. तोंडातली त्वचा सतत ओलाव्यात राहायला सरावलेली असते, म्हणून ती लघवीतही टिकते. रोबोटने हे काम चांगलं होतं. शिरेतून हिरवं औषध देऊन, विशेष प्रकाशात नळीचा कुठला भाग रक्त खेळता आहे हेही बघता येतं. टोकातून रक्त येण्याची वाट बघणारी मी त्याला सुरुवातीला नाकं मुरडत होते. आता नाही.

हे सगळं लिहिताना ऑपरेशन म्हणजेच उपचार असं वाटेल. पेशंटच्या दृष्टीने मोठा भाग वाट बघण्याचा असतो. इजा आठवडाभरात कळली आणि पेशंट ठीक असेल तर लगेच दुरुस्त करावं असं माझं मत आहे. पण तीन आठवड्यांनी, ताप आणि पू घेऊन आलेल्या माणसाच्या पोटात तेव्हा शिरलं तर सगळे थर एकमेकांत विरघळल्यासारखे झालेले असतात. मग पाठीतून सुईने थेट किडनीत नळी घालतात, हीही 1955 सालची, पुन्हा त्याच गुडविनची देणगी, आणि सहा आठवडे ते तीन महिने थांबतात. पाठीला नळी, नळीला पिशवी. कुशीवर वळलं की ओढते, झोपेत दुमडते, आंघोळीची पंचाईत. वर प्रत्येक जण विचारतो, मग ऑपरेशन केलं कशाला? एक किडनी वाचतेय हे आम्हाला माहीत असतं. त्या माणसाला फक्त पिशवी दिसते. या काळात दर भेटीत पाच मिनिटं बसून बोलणं औषधाइतकं लागतं, आणि ओपीडीत तीच पाच मिनिटं सापडत नाहीत.

ऑपरेशननंतर सांध्याच्या आतून स्टेंट ठेवतात, दोन्ही टोकांना इंग्रजी J सारखं वळण असलेला, म्हणून डबल-जे किंवा डीजे. 1978 साली ही वळणं आली आणि स्टेंट जागचा हलायचा थांबला. चार ते सहा आठवडे तो राहतो आणि बहुतेकांना छळतो: सारखी लघवीची भावना, लघवी करताना कंबरेत कळ, अधूनमधून लाल लघवी. घाबरायचं नाही, पाणी प्यायचं. घाबरायचं ते विसरण्याला. महिनोन्महिने राहिलेल्या स्टेंटवर खड्याचे थर चढतात आणि तो काढायला वेगळं ऑपरेशन लागतं. म्हणून काढायची तारीख मी पेशंटला आणि घरच्या आणखी एकाला, दोघांनाही लिहून देते.

त्यानंतरच्या तपासण्यांवरून माझं पेशंटशी सगळ्यात जास्त भांडण होतं. स्टेंट निघाला, ओलं थांबलं, दुखत नाही, क्रिएटिनिनही व्यवस्थित. कशाला पुन्हा सोनोग्राफी, आणि तो लघवी वाढवणारं औषध देऊन तासभर झोपवून काढतात तो रेनोग्राम, किडनीतून लघवी कशी उतरते ते दाखवणारा, कशाला? मी सांगते की सांधा हळूहळू अरुंद झाला तर दुखेलच असं नाही. अचानक तुंबलेली किडनी ओरडते, सावकाश तुंबणारी गप्प राहते. क्रिएटिनिन चांगलं दिसतं कारण दुसरी किडनी दोघींचं काम ओढत असते. एक बाई मला म्हणाल्या, "म्हणजे दुखत नाहीये म्हणूनच यायचं?" मी हो म्हटलं. त्यांनी कपाळाला आठ्या घालून डायरी काढली आणि पहिल्या सोनोग्राफीची, तीन महिन्यांची आणि वर्षाची अशा तिन्ही तारखा लिहून घेतल्या.